ट्रंकेतले पाच शेअर

"तुझ्या लेखांत ते फंडाबिंडाचं असतं ना, ते काही मला कळत नाही. पण माझ्याकडे विप्रोचे ४ हजार शेअर आहेत. त्यांचं काय करू तेवढं सांग."

फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. ४ हजार म्हटल्यावर आधी गॅस बंद केला.

फोनवरच्या ताई म्हणजे माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण. अमळनेरला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मुलांना पाढे शिकवून निवृत्त झाल्या. मिस्टर २०२२ साली गेले. मुलगा पुण्यात हिंजवडीला, आयटीत. मुलगी लग्नानंतर सहा वर्षांनी एका लेकराला घेऊन माहेरी परत आलीय. ती एम.एस्सी. झालेली आहे, तिला बी.एड. करायचंय. दोन वर्षांची फी, जाणं-येणं, नातवाची शाळा असा हिशेब ताईंनी वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. तीन लाखांच्या आसपास जात होता. पेन्शनमध्ये घर चालतं, पण तीन लाख निघत नाहीत.

"मग शेअर विका की थोडे," मी म्हटलं.

"तेच तर! मुलगा म्हणतो, आई, हात लावू नकोस, विप्रो आहे ती, वाढेल. पुतण्या जळगावला शेअरचंच काम करतो. तो म्हणतो, सगळे विका आणि एआयच्या कंपनीत टाका, दोन वर्षांत डबल. नाव माझं आहे गं शेअरवर. सही मी करायची. पण मला कुणी विचारतच नाही. मला एवढंच कळू दे, की ह्याची वाढ अजून आहे का संपली?"

मैत्रिणींनो, सल्लागाराला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो भल्याभल्यांना सुचत नाही. 'भाव किती जाईल' हे सगळे विचारतात. 'वाढ आहे का' हे कुणी विचारत नाही. दिवाळी आटोपल्यावर मी सुरत-भुसावळ लायनीवरची गाडी पकडली आणि अमळनेरला उतरले.

अमळनेर आपल्याला माहीत असतं ते साने गुरुजींमुळे. प्रताप हायस्कूलात ते शिकवत होते. तत्त्वज्ञान मंदिर आहे, मंगळग्रहाचं देऊळ आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन इथेच झालं. पण शेअर बाजारातल्या माणसाला अमळनेर म्हटलं की विप्रोच आठवते. १९४५ सालच्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. खानदेशात भुईमूग उदंड, म्हणून कारखाना इथे. 'सनफ्लॉवर' नावाचं वनस्पती तूप आणि '७८७' नावाचा कपड्याचा साबण ही तिची ओळख. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. पहिल्याच सभेत एका भागधारकाने त्याला तोंडावर सांगितलं होतं, की तुझ्याच्याने हे जमायचं नाही, हिस्सा विकून मोकळा हो. १९७८ च्या सुमाराला आयबीएम भारतातून निघून गेली आणि कॉम्प्युटरच्या बाजारात जागा रिकामी झाली. १९८० नंतर तूप-साबणवाली ही कंपनी त्या जागेत शिरली. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे.

ताईंचे सासरे याच कारखान्यात नोकरीला होते. गावातल्या लोकांनी त्या काळात शेअर घेतले ते काही बाजाराचा अभ्यास करून नाही. 'आपल्या गावची कंपनी' म्हणून घेतले. शेतकऱ्यांनी घेतले, कामगारांनी घेतले. सासऱ्यांनीही घेतले आणि गरजेप्रमाणे विकले. १९८८ साली नणंदेच्या लग्नात २० शेअर गेले. १९९६ साली घराचा वरचा मजला चढवताना आणखी गेले. उरले ५. ते प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांच्या खाली राहिलं.

"त्या पाचाचे ४ हजार कसे झाले ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. देवाची कृपा म्हणतात," ताई म्हणाल्या. गणिताच्या बाई त्या! मी म्हटलं, काढा वही.

१९९७ मध्ये कंपनीने एकाला दोन बोनस दिले. पाचाचे झाले १५. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे केले, १५ चे ७५. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन, २२५. २००५ मध्ये एकास एक, ४५०. २०१० मध्ये तीनाला दोन, ७५०. २०१७ मध्ये एकास एक, १५००. २०१९ मध्ये तीनाला एक, २०००. आणि २०२४ च्या डिसेंबरात एकास एक, ४०००. ताईंनी शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. शाळेत मारायच्या तशा.

मग अर्थातच नणंदेच्या लग्नातले २० शेअर निघाले. नणंद दिवाळीला आली की हा विषय निघतोच म्हणे. त्या वीसांना १९८९, १९९२ आणि १९९५ चे तीन बोनस जास्तीचे मिळाले असते. आज ते १ लाख २८ हजार शेअर झाले असते. अडीचशेचा भाव धरला तर ३ कोटी २० लाख. "माझं लग्न जगातलं सगळ्यात महागडं," असं नणंदबाई सांगतात.

मला या हळहळीचा जरा रागच येतो. १९८८ साली तूप विकणारी कंपनी पुढे अमेरिकेतल्या बँकांची कामं करील हे कुणाला दिसत होतं? त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. तिचंही नाव मोठं, तिच्या भोंग्यावर गाव उठायचं. ती बंद पडली. तिच्या शेअरची गोष्ट सांगायला दिवाळीत कुणी येत नाही. पोरीचं लग्न वेळेवर झालं, तिचा संसार नीट झाला. त्या शेअरचं काम तेवढंच होतं.

पण बोनसबद्दल एक समजूत काढून टाकायला हवी, कारण ती सगळीकडे आहे. बोनस मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असं नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर भाकरी वाढत नाही. २०२४ च्या डिसेंबरात ताईंचे २ हजारांचे ४ हजार झाले, तेव्हा भावही निम्मा झाला. पुतण्याने "मावशी... नाही, काकू, पेढे द्या" म्हणून फोन केला होता. पेढे कशाचे? बोनस आणि तुकड्यांमुळे फक्त मोजणी बदलते. श्रीमंती येते ती धंदा वाढला म्हणून. १९९७ ते २०१० या काळात विप्रोचा धंदा खरोखरच फुगत होता, म्हणून निम्मा झालेला भाव पुन्हा पुन्हा वर चढत होता.

आता मुलाचं म्हणणं घेऊ. "विप्रो आहे ती, वाढेल." कंपनी चांगली, म्हणजे शेअर वाढणारच. यावर मी ताईंना दुसरं एक गणित घातलं. तेही पाचवीचंच.

२००० सालचा फेब्रुवारी आठवतोय का? वायटूकेची कामं नुकतीच झाली होती, इंटरनेटचा गाजावाजा होता, आणि सॉफ्टवेअरचे शेअर रोज वर. विप्रोचा भाव १० हजारांच्या घरात पोचला होता. अझीम प्रेमजी जगातल्या सर्वांत श्रीमंतांच्या यादीत गेल्याच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या. समजा त्या दिवसांत एखाद्या बाईने बांगडी मोडून १० हजारांना एक शेअर घेतला आणि २५ वर्षं हात लावला नाही. त्या एकाचे २००४ मध्ये ३, २००५ मध्ये ६, २०१० मध्ये १०, २०१७ मध्ये २०, २०१९ मध्ये साधारण साडेसव्वीस, आणि २०२४ मध्ये ५३. अडीचशेने गुणा.

ताईंनी गुणलं. १३ हजार २५०.

"एवढेच?" त्यांनी पुन्हा गुणलं.

एवढेच. लाभांश मिळत राहिला, आणि २०१३ साली साबण-तेलाचा धंदा वेगळा काढला त्याचा वाटा मिळाला, तो यात धरलेला नाही. तरीही २५ वर्षांत दहाचे तेरा! पोस्टात किंवा बँकेत सात टक्के चक्रवाढीने ठेवले असते तरी ५४ हजार झाले असते. आणि गंमत पाहा, या २५ वर्षांत कंपनी झोपलेली नव्हती. २००० साली तिची वर्षाची उलाढाल अडीच हजार कोटींच्याही आत होती. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात ती ८९ हजार कोटी होती. धंदा पस्तीसपटीहून जास्त वाढला आणि शेअर घेणारीच्या हातात जवळपास काही नाही. कारण तिने वाढीची किंमत आधीच, एकरकमी मोजून टाकली होती. तो भाव कंपनीच्या त्या वर्षीच्या नफ्याच्या शेकडो पट होता. पुढची पंचवीस वर्षं धंद्याने ती किंमत भरून काढण्यातच घालवली.

म्हणून शेअरची वाढ तपासताना प्रश्न दोन असतात. धंदा किती वाढेल, हा पहिला. आणि त्या वाढीचे पैसे आपण आधीच मोजलेत का, हा दुसरा. मुलगा पहिल्याचं उत्तर गृहीत धरून बसला होता, दुसरा त्याला पडलाच नव्हता.

दुसऱ्याचं उत्तर आधी सांगते, कारण ते सोपं आहे. मार्च २०२५ च्या वर्षात विप्रोने दर शेअरमागे साडेबारा रुपये कमावले. भाव तेव्हा अडीचशे होता, म्हणजे कमाईच्या वीसपट. बँकेतल्या सात टक्क्यांच्या ठेवीला आपण कमाईच्या चौदापट मोजतो असं म्हणता येईल, कारण १०० रुपयांना ७ मिळतात. वीसपट मोजायची ती पुढे कमाई वाढेल या आशेवर. २००० सालचा वेडेपणा यात नाही. पण वाढ शून्य असेल, तर वीसपट स्वस्तही नाही.

तर वाढ आहे का?

ही कंपनी विकते काय, ते आधी पाहू. तूप-साबण नाही, डबाबंद सॉफ्टवेअरही फारसं नाही. ती माणसांचं काम विकते. अमेरिकेतल्या, युरोपातल्या बँका, दुकानं, दवाखाने यांची कॉम्प्युटरची कामं आपली मुलंमुली करतात आणि त्याचं बिल बहुतेक डॉलरात लागतं. तीसेक वर्षं या धंद्याचं गणित शिवणक्लाससारखं सरळ होतं. मशिनं वाढवा, बायका वाढवा, जास्त कपडे शिवा. म्हणून आयटी कंपनीत माणसं किती वाढली यावरून पुढचा अंदाज यायचा. विप्रोत मार्च २०२३ ला अडीच लाखांहून जास्त माणसं होती. मार्च २०२५ ला २ लाख ३३ हजार.

उलाढालीचे तीन वर्षांचे आकडे मी ताईंच्या वहीत एकाखाली एक लिहिले. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षी साधारण ९० हजार ५०० कोटी. पुढच्या वर्षी ८९ हजार ८००. त्याच्या पुढच्या वर्षी ८९ हजार १००.

"उतरतंय की," ताई म्हणाल्या.

उतरतंय. आणि रुपयात दिसतं त्यापेक्षा जास्त उतरतंय. रुपया घसरला की डॉलरातलं तेच बिल रुपयात फुगून दिसतं. चलनाचा हा चढउतार काढून टाकला, तर मार्च २०२५ च्या वर्षी मुख्य धंदा २.३ टक्क्यांनी आटला. त्याच्या आदल्या वर्षी ४.४ टक्क्यांनी.

यावर मुलाचं म्हणणं असं, की सगळ्या आयटीलाच वाईट दिवस आहेत. त्यात तथ्य आहे. कोविडच्या काळात सगळ्या जगाने घाईघाईने कॉम्प्युटरवर खर्च केला आणि नंतर हात आखडला. पण त्याच मार्च २०२५ च्या वर्षात टीसीएस आणि इन्फोसिस प्रत्येकी ४.२ टक्के वाढल्या, एचसीएल ४.७ टक्के. गल्लीत सगळ्यांच्या नळाला बारीक का होईना पाणी येतंय आणि आपल्याच नळाला नाही, तर नगरपालिकेला शिव्या देऊन भागत नाही. आपली पाइपलाइन बघावी लागते. एचसीएल ही २०१८ च्या सुमारास विप्रोच्या पुढे निघून गेली, ती पुढेच आहे.

मग २०२२ साली विप्रो एकदम पाव पटीने वाढली ती कशी? मार्च २०२२ च्या वर्षात उलाढाल ६२ हजार कोटींवरून ७९ हजारांवर गेली होती. कोविडची मागणी होतीच, पण २०२१ मध्ये विप्रोने कॅप्को नावाची कंपनी १४५ कोटी डॉलरना विकत घेतली होती. शेजारचं शेत विकत घेतलं की खळ्यावर पोती जास्त येणारच. आपल्या मूळच्या शेतात एकरी काय वाढलं ते वेगळं पाहायचं असतं. वर्तमानपत्रात 'विप्रोची २७ टक्के वाढ' असं छापून येतं तेव्हा हा फरक मथळ्यात नसतो.

नफा मात्र वाढला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मार्च २०२५ च्या वर्षात निव्वळ नफा १३ हजार १३५ कोटी, आदल्या वर्षापेक्षा जवळपास १९ टक्के जास्त. उलाढाल घटून नफा वाढला, कारण खर्च आवळला, माणसं नीट कामाला लावली. दूध तेवढंच, पण साय काढायची हातोटी सुधारली की तूप जास्त निघतं. नवे मुख्याधिकारी श्रीनिवास पल्लिया एप्रिल २०२४ मध्ये आले, त्यांना याचं श्रेय द्यायला माझी हरकत नाही. फक्त साय काढण्याला मर्यादा असते. कधीतरी गाय दूध जास्त द्यायला हवी.

आणि नवी कामं? तीही मिळतायत. मोठ्या कामांचे करार त्या वर्षात सुमारे ५४० कोटी डॉलरचे झाले, आदल्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांहून जास्त. हा आकडा वाचून मीही थोडी थबकले होते. पण दिवाळीआधी शिंप्याच्या वहीत ऑर्डर किती लिहिल्या आणि दिवाळीनंतर गल्ल्यात किती पडले, यात अंतर असतं. मोठी कामं चार-पाच वर्षांत मिळून पुरी व्हायची असतात. शिवाय गिऱ्हाईक चार शिंप्यांकडचं काम काढून एकाला देतं तेव्हा शिलाई कमी करून मागतं. इकडे नवी ऑर्डर लिहिली जाते आणि तिकडे जुनं गिऱ्हाईक खर्च कमी करतं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं होतं, की पुढच्या तिमाहीत उत्पन्न दीड ते साडेतीन टक्के घटेल. जुलै-सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत घसरण थांबून वाढ झाली, पण ती नावालाच. ऑर्डरवहीचं पाणी गल्ल्यापर्यंत येतंय की नाही, हे पुढच्या तीन-चार तिमाह्यांत दिसेल. मला विचाराल तर याच एका गोष्टीवर डोळा ठेवायचा.

एआयचं काय, हा प्रश्न ताईंच्या मुलीने विचारला. ती आतापर्यंत दारात उभी राहून ऐकत होती. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. प्रोग्रॅम लिहिणं, तपासणं ही कामं मशीन भराभर करू लागलं. दहा जणींचं काम सात जणींत होणार असेल, तर गिऱ्हाईक दहा जणींचं बिल का भरील? हा धक्का सगळ्याच आयटी कंपन्यांना आहे. कंपन्या म्हणतात, एआयमुळे नवी कामं येतील. येतीलही. घरात मिक्सर आला तेव्हा मसाला कुटायला येणाऱ्या बाईचं काम गेलं, पण मसाल्याचे उद्योग उभे राहिले तेही मशीनमुळेच. फरक एवढाच, की ज्या बाईचं काम गेलं तिनेच उद्योग काढला असं नाही. एआयमुळे पैसा होईल हे मान्य, पण तो विप्रोला होईल की दुसऱ्याच कुणाला, ते आज कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून शेअर घेऊ नका. त्यात विप्रोचं ६० टक्क्यांहून जास्त उत्पन्न अमेरिका खंडातलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली, तोही वारा अंगावर आहेच.

कंपनीला स्वतःला काय वाटतं, याचा एक इशारा मला जानेवारी २०२५ मध्ये दिसला. विप्रोने जाहीर केलं, की इथून पुढे तीन-तीन वर्षांच्या हिशेबात नफ्याचा ७० टक्के किंवा जास्त वाटा भागधारकांना परत देऊ. आधी हे बंधन ४५ ते ५० टक्क्यांचं होतं. भागधारकाला हे गोडच लागतं. पण ज्याच्या डोक्यात नव्या दुकानाचे बेत असतात, तो कमाईतले दहातले सात घरी वाटत नाही. मी याचा अर्थ असा लावते, की झपाट्याने वाढणाऱ्या तरुण कंपनीचे दिवस मागे पडले, आता ही कमावती, शहाणी, मध्यमवयीन कंपनी आहे. ताईंना मार्च २०२५ च्या वर्षात शेअरमागे ६ रुपये लाभांश आला, म्हणजे २४ हजार. जुलैमध्ये पुन्हा ५ रुपये. पेन्शनला हा जोड काही वाईट नाही.

"म्हणजे ठेवू?"

इथे मात्र मी त्यांना विप्रोबद्दल बोलणं थांबवून घराबद्दल बोलायला लावलं. मुलाची नोकरी आयटीत. ताईंची जवळपास सगळी पुंजी आयटीच्या एका शेअरात. उद्या खरंच या धंद्याला ओहोटी लागली, तर ज्या महिन्यात मुलाची नोकरी डळमळेल त्याच महिन्यात आईचे शेअरही पडलेले असतील. दोन्ही भांडी एकाच चुलीवर. आणि एकच शेअर कितीही नावाजलेला असो, सगळी भिस्त त्यावर नको, हे ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या भागधारकांना एका दिवसात कळलं. हिशेब खोटे असल्याची कबुली अध्यक्षांनीच दिली आणि संध्याकाळपर्यंत भावाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग गेला. विप्रोत तसं काही आहे असं अजिबात नाही. पण सत्यमबद्दलही आदल्या दिवशी कुणी म्हणत नव्हतं.

पुतण्याचा बेत मी एका वाक्यात मोडीत काढला. ज्या कंपनीचा नफा किती, गिऱ्हाईक कोण, हे त्याला सांगता आलं नाही, तिच्या नावात एआय आहे हे फोनवर तीनदा सांगता आलं. १९९९ साली अशीच नावात 'इन्फोटेक' आणि 'डॉट कॉम' घालायची साथ आली होती.

मग राहिला तीन लाखांचा प्रश्न. इथे एक गोष्ट ताईंच्या फायद्याची निघाली, आणि जुने शेअर असलेल्या इतर मैत्रिणींनाही ती उपयोगी पडेल. डिमॅट खात्यातून शेअर विकले, की जे आधी आले ते आधी विकले गेले असं धरतात. ताईंचे सर्वांत जुने १५०० शेअर २०१८ च्या आधीचे. अशा शेअरना कर लावताना ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीचा भाव म्हणून धरता येतो, फक्त तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरता येत नाही. त्या दिवशी विप्रोचा भाव तीनशेच्या आसपास होता. अडीचशेला विकले तर कराच्या हिशेबात नफा शून्य. २०१९ आणि २०२४ च्या बोनसचे शेअर मात्र फुकट मिळालेले धरले जातात, त्यांची सगळी रक्कम नफ्यात येते. त्यातही एका वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे. सही करण्याआधी हे गावातल्या सीएला दाखवून घ्या म्हटलं, कारण कायदा दर बजेटला कूस बदलतो.

१५०० गुणिले २५० म्हणजे पावणेचार लाख. मुलीचं बी.एड. झालं, वर थोडे उरले. "भावाला काय सांगू?" मुलीने विचारलं. ताईच बोलल्या, "त्याच्या इंजिनीअरिंगला तुझ्या आजोबांनी घराच्या गच्चीचं काम थांबवलं होतं. ते सांग."

उरलेले २५०० ताई ठेवणार आहेत, सध्यापुरते. त्यातले आणखी काही पुढच्या मार्चनंतर काढून बँकेत आणि एखाद्या साध्या इंडेक्स फंडात टाकायचे, असं आमचं ठरलंय. विप्रो जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांच्या मध्याला तिमाहीचे निकाल जाहीर करते. ताईंनी कालनिर्णयावर त्या चारही महिन्यांत पेन्सिलीने गोल केलेत आणि वहीत तीन रकाने आखलेत: उलाढाल, माणसं, पुढच्या तिमाहीचा अंदाज. भावाचा रकाना मी मुद्दाम खोडायला लावला.

निघायच्या आधी आम्ही ट्रंक उपसली. कंपनीकडून आलेली पाकिटं मिस्टरांनी एका जुन्या पिशवीत कोंबून ठेवली होती. काही फोडलेलीही नव्हती. त्यांच्या पश्चात आलेली पाकिटं ताईंनीही तशीच वर टाकली होती. २०२३ मध्ये कंपनीने शेअर परत विकत घेतले होते, ४४५ रुपयांना, बाजारभाव तेव्हा चारशेच्या आत होता. त्याचा फॉर्म कोराच होता. तेव्हा वारसाची कागदपत्रं चालू होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. बायांनो, अशी पाकिटं आपल्याही घरात असतील तर आजच फोडा. सात वर्षं लागोपाठ लाभांश कुणी घेतला नाही, तर ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. परत मिळतात, पण मागण्यात फार वेळ जातो. कागदी प्रमाणपत्रं असतील तर ती डिमॅट केल्याशिवाय एप्रिल २०१९ पासून विकता येत नाहीत.

पिशवीच्या तळाशी २०१३ चं एक जाडजूड पाकीट निघालं. साबण-तेलाची कंपनी वेगळी झाली तेव्हाचं. तिचे शेअर हवेत की दुसरं काही, हे त्यात निवडायचं होतं. मिस्टरांनी कशावर खूण केली होती ते ताईंना ठाऊक नव्हतं. फॉर्मची नक्कल पाकिटात नव्हती. रजिस्ट्रारला पाठवायचं पत्र आम्ही तिथेच, ट्रंकेच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं. फोलिओ नंबर मी सांगितला, अक्षर ताईंचं, आणि खाली सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.